गवसकाकांची दुनळी

ब्रिटनमध्ये निवडणूक जाहीर झाली की गवसकाका आपली बंदूक जमा करायला निघत.

त्यांना कुणी सांगितलेलं नसे. या देशात तसा नियमही नाही. पण काका दोडामार्गाकडचे. तिकडे रानडुकरांपासून भात आणि केळी राखायला ज्याच्या घरी परवान्याची बंदूक असते, त्याला आचारसंहिता लागली की ती पोलीस ठाण्यात नेऊन द्यावी लागते. मतमोजणी झाली की परत. काकांच्या वडिलांकडे अशी एक दुनळी होती. वडील ती घोंगडीत गुंडाळून, डोंगर उतरून ठाण्यात पोचवत, आणि मत कोणाला दिलं यापेक्षा बंदूक पोचली का, ही चौकशी घरात आधी होई. हे काकांच्या अंगात इतकं मुरलं होतं की पुढे मेडनहेडमध्ये घर, पेन्शन आणि स्वतःची बारा बोअरची दुनळी झाल्यावरही ते गेलं नाही.

पहिल्या खेपेला ते बंदुकीचं कव्हर खांद्याला लावून, परवाना छातीशी धरून थेट पोलीस स्टेशनच्या काउंटरवर उभे राहिले. काउंटरवरची मुलगी होती त्याहून गोरी झाली.

"आर यू सरेंडरिंग धिस, सर?"

"नो नो मॅडम. ओन्ली टिल काउंटिंग इज ओव्हर."

तिला समजावायला दोन अधिकारी आणि फोनवर कोकणाचा नकाशा लागला. शेवटी त्यांनी काकांना विनवून सांगितलं की फारच वाटत असेल तर परवानाधारक विक्रेत्याच्या दुकानात ठेवा, पण इथे आणू नका. तेव्हापासून काका दर निवडणुकीला दुनळी त्या दुकानात ठेवू लागले. पार्लमेंटची असो की कौन्सिलची. एकदा सार्वमत होतं, ते धरायचं की नाही याचा निकाल लागेना, म्हणून त्यांनी धरलं. दुकानदार त्यांना दारात बघून म्हणे, "इलेक्शन, इज इट? नोबडी टोल्ड मी."

"अहो काका, इथे नाही लागत हे," मी एकदा म्हटलं.

"कायदो तो कायदो," काका म्हणाले. "हयसरचो नाय तर थंयसरचो."

मी वृंदा, त्यांची शेजारीण. आमची घरं एकाच भिंतीला दोन बाजूंनी टेकलेली. मी मूळची पुण्याची, इथे एका शाळेच्या प्रयोगशाळेत टेक्निशियन आहे. परीक्षानळ्या धुते, आम्लाच्या बाटल्या कुलपात ठेवते. कमी बोलते. माझा नवरा म्हणतो, हिच्याकडून वाक्य काढणं म्हणजे जानेवारीत बाटलीतून खोबरेल काढणं. हे मी पूर्वी लोकांना गंमत म्हणून सांगायची. आता सांगत नाही. काकांबद्दल लिहायचं तर माझ्या गप्प बसण्याबद्दलही लिहावं लागणार, आणि ते टाळत टाळत मी इथवर आले आहे.

काका स्लाउच्या एका कारखान्यात फिटर होते. निवृत्त झाल्यावर त्यांच्याबरोबर काम केलेला कीथ त्यांना एका रविवारी मातीच्या चकत्या उडवून नेम धरायच्या मैदानावर घेऊन गेला. त्या चकत्यांना इथे मातीची कबुतरं म्हणतात. काकांनी पहिल्याच बाराला एक फोडली. संध्याकाळी घरी आले ते नुकतंच लग्न ठरल्यासारखे. मंगलकाकूंनी कपाळाला हात लावला. "लोकांचे घो रिटायर झाले की टोमॅटो लावतत," त्या मला म्हणाल्या. "ह्येनी बंदूक घेतल्यानी."

मी तेव्हा हसले, पण घरी येऊन नवऱ्याला म्हटलं, आपल्या भिंतीपलीकडे आता बंदूक आहे. मी सदाशिव पेठेत वाढलेली बाई. बंदूक फक्त बँकेच्या दारातल्या रखवालदाराकडे पाहिलेली, आणि तीही चालत असेल असं कधी वाटलं नाही. इथे पोलीस येऊन काकांचं लोखंडी कपाट भिंतीत नीट बसवलंय का ते ओढून बघून गेले. किल्ली कुठे ठेवता हे काकूंनाही सांगायचं नाही, असं बजावून गेले. काकूंना ती जागा अर्थात पहिल्या दिवशीच कळली होती. काकांनी ती गणपतीच्या चौरंगाखाली ठेवली होती आणि दिवसातून तीनदा नमस्कार करत होते.

पण हळूहळू मला कळलं की आमच्या गल्लीत बंदुकीला सगळ्यात जास्त कोण घाबरत असेल तर गवसकाका. "ज्याच्याकडे बंदूक आसा, तेनाच बंदुकीक पयलां भियाक होया," हे त्यांचं ब्रह्मवाक्य. आमची इरा लहान असताना पुण्याहून तिच्या मामाने दिवाळीला टिकल्यांचं पिस्तूल पाठवलं. इथल्या मराठी मंडळाच्या दिवाळीत तिने ते काढलं मात्र, काका फराळाची थाळी टाकून उठले.

"परवानो खंय?"

"काका, तो फक्त आवाज करते," इरा म्हणाली. तिचं मराठी असंच आहे.

"आवाजाचोच परवानो इचारतंय. आणि नळी माणसाकडे धरूची नाय. खाली धर. जमनीकडे. हां. आता टिकल्यो येगळ्यो ठेव, पिस्तूल येगळा ठेव." त्यांनी सगळ्या पोरांना रांगेत उभं करून, वाढायचा डाव हातात घेऊन, बंदूक दुसऱ्याच्या हाती कशी द्यायची ते शिकवलं: आधी मधल्या बिजागरीवर मोडून, नळ्या रिकाम्या दाखवून, मगच. त्यानंतर कितीतरी दिवस इरा मला लाटणं देताना आधी ते वाकवून दाखवायचा प्रयत्न करायची.

श्रावणात काका मैदानावर जात नसत. कीथ गाडी घेऊन दारात यायचा.

"इट्स क्ले, मेट," तो म्हणायचा. "देअर्स नो मीट इन इट."

"बट इट इज फ्लाइंग," काका म्हणायचे.

कीथने या प्रश्नावर वर्षानुवर्षं वाद घातला आणि वर्षानुवर्षं हरला. उंच, वाकलेला, कानात यंत्र घातलेला हा माणूस काकूंच्या हातचं काकडीचं धोंडस आणि सोलकढी दोन्ही 'व्हेरी नाइस' म्हणून खायचा आणि सोलकढी हळूच कुंडीत ओतायचा. खंडेनवमीला काका दुनळीची पूजा करत, तेव्हा कीथलाही बोलावणं असे. तो आपली बंदूक घेऊन यायचा, पण नियमाप्रमाणे ती हातातून सोडायचा नाही. मग काकू त्याच्या हातातल्या बंदुकीला हळदकुंकू लावायच्या, झेंडूची माळ घालायच्या, आणि तो बँडमधल्या वाजंत्र्यासारखा ताठ उभा. एका वर्षी पुढच्याच आठवड्यात पोलीस कीथकडे तपासणीला आले. कुंकू नीट पुसलेलं नव्हतं. कीथला पाऊण तास एवढंच सांगावं लागलं की हे रक्त नाही.

पण एका बाबतीत दोघांचं जमायचं नाही. कीथ म्हणायचा, या देशात बंदूकवाल्याला चोरासारखं वागवतात. डॉक्टरला विचारतात, शेजाऱ्याला विचारतात, कपाट बघतात. काका म्हणायचे, बरां करतत. "परवानो म्हणजे बायल कशी इचारता: खंय चाललास, कित्याक चाललास, कधी येतलास. इचारणारा कोणतरी आसा ता बरां नाय?" हे बायकोचं मी कीथला इंग्रजीत सांगितलं. कीथची बायको जाऊन तेव्हा बरीच वर्षं झाली होती.

आणि काकांचा खरा वाद होता तो पोटच्या मुलाशी. अजय टेक्सासला असतो. त्याच्या उशालगतच्या ड्रॉवरमध्ये पिस्तूल आहे हे काकांना व्हिडिओ कॉलवर कळलं, आणि त्या दिवशी भिंतीपलीकडून मला जे ऐकू आलं ते सगळं इथे लिहिता येणार नाही.

"बाबा, तो माझा हक्क आहे. इथल्या घटनेत लिहिलेलं आहे."

"घटनेत लिवलेला आसा तर घटनेत ठेव. उशाक कित्याक ठेवतंस?"

"आणि चोर आला तर?"

"चोर इलो तर तेका चाय दी. माझी बंदूक कपाटातून काढूक माका येळ लागता, तवसर चोर थकून घराक जाता. तोच कायदो."

अजय म्हणाला, तुमच्याकडे बारा बोअरची दुनळी आणि मला शिकवता? काका म्हणाले, माझ्या दुनळीवर पोलिसांचो डोळो आसा. तुझ्या पिस्तुलावर कोणाचो डोळो आसा, सांग. ते पिस्तूल घरातून जाईपर्यंत मी तुझ्या घरात पाय ठेवणार नाही. आणि खरंच ठेवला नाही. काकू एकट्या जाऊन नातीला बघून आल्या. "सगळा बरा आसा थंय," मला म्हणाल्या, "पण म्हयनोभर मी त्या खोलीत जावक नाय."

रविवारी दुपारी मैदानावरून आल्यावर बंदूक साफ होई. त्यांच्या मागच्या खोलीतलं टेबल माझ्या परसातून दिसतं. काका नळ्या वेगळ्या करून त्यात फडक्याची काठी घालत, तेल लावत, आणि मग नळ्या काकूंच्या हातात देत. काकू त्या खिडकीच्या उजेडाकडे धरून आतून बघत आणि निकाल देत. स्वच्छ असल्या की म्हणत, "दोन चंद्र दिसतत." नसल्या की म्हणत, "ढग आसत." काका परत काठी घालत. बंदुकीला नावं ठेवणाऱ्या बाईचं बंदुकीशी एवढंच नातं, पण ते एकाही रविवारी चुकलं नाही.

मग एका उन्हाळ्यात मंगलकाकू गेल्या. आजार कळला आणि संपला. अजय येऊन गेला, मंडळाची माणसं डबे देऊन गेली, आणि मग आमच्या भिंतीपलीकडे शांत झालं. इतकं शांत की मी माझ्या स्वयंपाकघरात भांडं हळू ठेवू लागले.

काका आता बंदूक रोज साफ करत. मैदानावर न जाताच. काकूंची बिडाची कढई आणि काविलथा, म्हणजे उलथणं, त्यांनी मला आणून दिलं. घराची एक किल्ली दिली. दाढी करेनात. "पुढल्या वर्साचा कोणी बघलाहा," असं दोनतीनदा म्हणाले. एका रविवारी कीथ चहाला आला होता, मीही होते. तो काकांना यश म्हणायचा. कप खाली ठेवून म्हणाला, "माझ्या कपाटात जागा आहे, यश. थोडे दिवस ती माझ्याकडे ठेव ना." "निवडणूक नाही आहे," काकांनी इंग्रजीत सांगितलं. विषय संपला.

त्यानंतर एका संध्याकाळी मी परसात कपडे काढायला गेले. मागच्या खोलीत दिवा होता. काका टेबलाशी बसले होते आणि दुनळीच्या नळ्या त्यांच्या चेहऱ्यासमोर होत्या.

मला चंद्राचं माहीत होतं. नळ्या सुट्या असतील, ते उजेडाकडे बघत असतील, हेही मनात आलं. पण मी उभी होते तिथून लाकडी दस्ता जोडलेला आहे की नाही ते दिसत नव्हतं. मी कपडे तसेच दोरीवर ठेवले आणि त्यांच्या दाराची बेल वाजवली. काकांनी दार उघडलं. "काय गो?" मी म्हटलं, "काही नाही, दूध आहे का?" त्यांनी दूध दिलं. विचारायला गेले होते वेगळंच, आणि घेऊन आले दूध.

काकांच्या परवान्याचं नूतनीकरण त्याच सुमाराला होतं. त्यासाठी ओळखीच्या माणसाचं नाव द्यावं लागतं. काकांनी माझं दिलं होतं. "तू कमी बोलतंस म्हणान दिलंय," ते म्हणाले होते. "जास्त बोलणाऱ्याचा पोलीस आयकनत नाय."

फोन आला तेव्हा मी प्रयोगशाळेत होते. पोलिसांच्या परवाना विभागातल्या बाई सौम्य होत्या. मिस्टर गवसना किती दिवस ओळखता, दारू पितात का, रागीट आहेत का. मग त्या म्हणाल्या, काळजी वाटावी असं काही आहे का? बंदुकीच्या हक्काबद्दल जगभर एवढ्या चर्चा चालतात. त्या सगळ्या टीव्हीवर, लांब कुठेतरी, असं मी समजत होते. इथे तो कायदा शेवटी हातातले काचेचे पेले खाली ठेवून एका शेजारणीने द्यायचं उत्तर होता. मी दिलं. बायको गेल्याचं, कढईचं, खिडकीचं, सगळं. इतकं सलग मी कधी कुणाशी बोलले नव्हते. बाई म्हणाल्या, थँक यू. तुम्ही सांगितलंत हे त्यांना कळणार नाही.

दोन दिवसांनी दोन पोलीस आले. काकांनी त्यांना बसवलं, चहा दिला, खाजं दिलं. कपाट स्वतः उघडलं. नळ्या मोडून, रिकाम्या दाखवून बंदूक त्यांच्या हातात दिली, आणि त्यातल्या तरुणाने ती आडवी धरली तेव्हा म्हणाले, "डाउन, सर. टू द ग्राउंड." त्याने मुकाट खाली केली. व्हॅन गेल्यावर काका फाटकाशी उभे होते. मला बघून म्हणाले, "कायदो तो कायदो." आणि मग, दार लावता लावता, "पण सांगल्यान कोणी गो?"

त्या क्षणी बोलायला हवं होतं. मी म्हटलं, "काय माहीत, काका."

काका विचार करत बसणारे नव्हेत. ओळखीत नाव माझं होतं, पण ही गप्प बाई काही सांगेल असं त्यांच्या मनातही आलं नाही; संध्याकाळपर्यंत त्यांना दुसरंच उत्तर मिळालं होतं. थोडे दिवस माझ्याकडे ठेव, असं म्हणालं कोण? कीथ. आणि तिसऱ्या आठवड्यात बंदूक गेली. "फितूर झालो," काका म्हणाले. "माझ्या घरात जेवान फितूर झालो."

फोनवर अजय म्हणाला, बाबा, इथे असतात तर कुणाची हिंमत झाली नसती तुमची बंदूक न्यायची. काका म्हणाले, "म्हणानच मी थंय रवाक येवचंय नाय." कायद्यावर त्यांचा राग नव्हताच. फक्त कीथवर होता.

रविवारी कीथची गाडी दारात आली. हॉर्न वाजला. काकांनी पडदा ओढला. पुढच्या रविवारीही तसंच. तिसऱ्या रविवारी कीथने माझी बेल वाजवली. हातात त्याच्या मळ्यातल्या शेंगांची पिशवी होती.

"व्हॉट हॅव आय डन, लव्ह?"

मी त्याच्यासमोर उभी होते. त्याच्या कानातलं यंत्र बारीक शिट्टी वाजवत होतं. मी म्हटलं, "गिव्ह हिम टाइम, कीथ."

तो म्हणाला, "राइट." शेंगा पायरीवर ठेवल्या आणि गेला. त्याला वेळ दे, असं मी त्याला सांगितलं. वेळ मला हवा होता.

सांगते, फोनचं मला वाईट वाटत नाही. परत विचारलं तर परत तेच सांगेन. वाईट त्या पायरीचं वाटतं. रोज ठरवायची, आज काकांना सांगू. मग वाटायचं, त्यांच्याकडे आता मीच उरले आहे; मीही गेले तर? हे कारण मी स्वतःला इतक्यांदा दिलं की ते दयेसारखं दिसायला लागलं. त्या वर्षीच्या खंडेनवमीला काकांनी कारखान्यातला जुना पाना आणि काकूंची विळी मांडून पूजा केली. कीथला बोलावणं नव्हतं. प्रसाद खाऊन मी घरी आले.

थंडीत कीथला झटका आला. दोन दिवस हॉस्पिटलमध्ये होता. मी काकांना जाऊन सांगितलं. ते म्हणाले, "बरो होतलो." तो बरा झाला नाही. मयताला चला म्हटलं तर म्हणाले, "फितुराच्या मयताक जावची माका गरज नाय."

मी एकटी गेले. नदीकाठच्या गावातलं लहान चर्च, मागच्या बाकावर बसले. कीथची मुलगी दारात हात हातात घेऊन म्हणाली, तुम्ही त्या मित्राच्या शेजारी ना? ते आले नाहीत का? डॅड त्यांच्याबद्दल फार बोलायचे.

परत आले तर काकांचं दार नुसतं लोटलेलं. आत गेले. काका बैठकीच्या खोलीत सोफ्याच्या कडेवर बसले होते. अंगात काळा सूट, काळा टाय, बूट चकचकीत पॉलिश केलेले. दाढी केलेली. हातात गाडीवाल्याला बोलावायचा फोन. निघालेले, आणि न गेलेले.

"लोक खूप होते?" त्यांनी विचारलं.

मी समोर जमिनीवरच बसले आणि सांगितलं. खिडकीचं, फोनचं, मग कीथने माझ्या दारात येऊन विचारलं ते, आणि मी काय म्हणाले ते. बाहेर कुणीतरी कचऱ्याचा डबा ओढत नेत होतं, तो आवाज संपेपर्यंत काका थांबले.

"त्या दिवशी नळ्यो सुट्ट्यो होत्यो," ते म्हणाले. "मी चंद्र बघी होतंय." आणि थोड्या वेळाने पुन्हा म्हणाले, "त्या दिवशी."

दुसऱ्या वेळी ते शब्द त्यांनी हळू म्हटले. बाकीच्या दिवसांचं त्यांनी सांगितलं नाही, मी विचारलं नाही. पण ते दिवस होते, एवढं आम्हा दोघांना तिथे कळलं.

"म्हणजे तू बघी होतंस," काका म्हणाले. "माका वाटला, मंगल गेल्यार कोणच बघना नाय."

मी रडत होते. त्यांनी रुमाल दिला नाही. फिटरने यंत्राचे दोन भाग वेगवेगळे ठेवावेत तसे ते बोलले. "पोलिसांक सांगलंस ता बरोबर. तुझ्या जाग्यार मी आसतंय तर मीय सांगलंय आसतंय. पण मगे गप रवलंस, ता चूक. तेची माफी माझ्याकडे नाय. ती माझी नाय देवची." मग टाय सोडत म्हणाले, "आयतवारी गाडी काढ."

रविवारी आम्ही गेलो. धुकं होतं. चर्चच्या मागे ओळीत शेवटी कीथची माती अजून उंच होती. दगड बसायचा होता, नुसती लाकडी पाटी होती. काकांनी ट्वीडची टोपी काढली, तिच्याखालची माकडटोपीही काढली. थंडीत त्यांचं टक्कल लहान मुलासारखं दिसत होतं.

"कीथ," ते म्हणाले. "आय वॉज राँग. इट वॉज नॉट यू. सॉरी." एवढंच. मग माझ्याकडे वळले. "आता तू."

"काय?"

"तेका सांग. तेका ठावक नाय."

"काका, ते आता..."

"माका सांगलंस तसा सांग. इंग्लिशीत सांग. तेका मराठी येयना नाय."

वाटेवरून एक बाई कुत्रा घेऊन येत होती. मी ती जाईपर्यंत थांबणार होते. काका म्हणाले, "थांबा नको." मग मी बोलले. मोठ्याने बोलले, कारण कीथला कमी ऐकू यायचं. की मी सांगितलं. की तू दारात आलास तेव्हा मला माहीत होतं. की तू काहीही केलं नव्हतंस. कुत्रा येऊन माझे बूट हुंगू लागला. ती बाई शेजारच्या थडग्यावरची अक्षरं वाचत असल्यासारखी उभी राहिली. माझा आवाज मध्येच फाटला. परत जोडून मी शेवटपर्यंत सांगितलं.

बाई गेली. मी तशीच उभी होते. काकांनी दोन्ही टोप्या घातल्या, गुडघ्यावर हात टेकून त्या ओल्या मातीकडे वाकले, आणि माझी बाजू मांडावी तसे खालच्या आवाजात म्हणाले,

"शी इज शाय, कीथ. गुड गर्ल. ओन्ली शाय."